नवव्या बेटावरचा संसार

(लास वेगासजवळच्या हेंडरसन येथून एका वाचक भगिनीने पाठवलेल्या पत्राचा गोषवारा: "मी मूळची चिपळूणची. माझे यजमान हवाईचे मूळनिवासी असून ओआहू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, वायानाए येथे वाढले आहेत. इथल्या एका हॉटेलात एसीच्या देखभालीचे काम करतात, बहुधा रात्रपाळीला. आम्हाला सहा वर्षांची मुलगी आहे. महिन्या-दीड महिन्यातून एकदा, शनिवारी सकाळी पाळी संपली की घरी येऊन केवळ आंघोळ करतात आणि तडक कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडे गाडी काढतात. तासभर पाण्यात उभे राहतात, बाटलीत समुद्राचे पाणी भरून घेतात आणि त्याच रात्री परत येतात. ते पाणी मग उंबऱ्यावर शिंपडले जाते. अर्ध्या तासावर लेक मीड हा मोठा जलाशय असताना एवढ्या लांब कशाला जायचे, हे मला कळत नाही. अलीकडे ते मुलीलाही नेतात. उलट झायन किंवा ग्रँड कॅन्यन या राष्ट्रीय उद्यानांतल्या दऱ्या पाहायला नेले, तर गाडीतून उतरायला तयार नसतात. घरी त्यांच्या नात्यातले आणि बिननात्यातले लोक आठवडेच्या आठवडे मुक्काम करतात. मे महिन्यात माझे आईबाबा प्रथमच येत आहेत. मला त्यांना यलोस्टोनचे राष्ट्रीय उद्यान दाखवायचे आहे आणि यजमानांना त्यांना युटाच्या वाळवंटातील योसेपा नावाच्या दफनभूमीत न्यायचे आहे. आईबाबांना इतक्या लांब बोलावून स्मशान दाखवायचे का? यजमानांना नैराश्य तर आलेले नाही ना? की आम्ही सरळ हवाईला परत जावे?")

सप्रेम नमस्कार.

तुमचे तीनही प्रश्न मी घेणार आहे. परंतु तुम्ही प्रश्न म्हणून न विचारलेली एक गोष्ट त्यांच्या आधी घ्यावी लागेल, कारण तिच्यात जिवाचा धोका आहे. लास वेगासपासून लॉस एंजेलिसचा किनारा सुमारे २७० मैल, म्हणजे जवळपास ४३५ किलोमीटर दूर आहे. जाऊन-येऊन हे अंतर मुंबईहून नागपूर गाठण्याइतके होते. रात्रभर काम केलेला माणूस, डोळ्याला डोळा न लागता, मागच्या सीटवर सहा वर्षांच्या मुलीला बसवून मोहावीच्या वाळवंटातून हे अंतर एका दिवसात कापतो, याचा घरच्या ओढीशी किंवा श्रद्धेशी काहीही संबंध लावू नका. झोप न झालेला चालक कोणत्याही देशाचा असला तरी सारखाच धोकादायक असतो. याबाबत तुम्ही ठाम राहा, आणि ठाम राहताना मागणी नेमकी ठेवा. समुद्राला जाणे बंद करायचे नाही, न झोपता निघणे आणि त्याच रात्री परतणे बंद करायचे.

त्यासाठी सोय अशी करता येईल. शनिवारी सकाळी पाळी संपल्यावर त्यांनी दुपारपर्यंत घरी झोपावे, ऊन कलल्यावर तुम्ही तिघांनी निघावे, रात्रीचा मुक्काम किनाऱ्याजवळ करावा, रविवारी सकाळी समुद्रावर जावे आणि दुपारी परतीला लागावे. रविवारी वेगासहून लॉस एंजेलिसकडे परतणाऱ्यांची मोठी रांग लागते, पण तुमची गाडी उलट दिशेची असल्याने ती गर्दी तुम्हाला समोरच्या मार्गिकेवर दिसेल, तुमच्या वाट्याला येणार नाही. मुक्कामासाठी हॉटेल शोधण्याआधी यजमानांना विचारा, कारण टॉरन्स, गार्डिना, कार्सन या भागांत हवाईहून आलेली कुटुंबे कित्येक वर्षांपासून राहतात, आणि ज्या गृहस्थाकडे सतत पाहुणे येतात त्याचे तिथे कोणीच नसेल, हे मला संभवनीय वाटत नाही. उन्हाळ्यात परतताना वाटेतले बेकर गाव सोडल्यावर जो लांब चढ लागतो, तिथे इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करण्याच्या सूचनेच्या पाट्या आहेत. एसी हेच ज्यांचे काम त्यांना हे मी सांगावे असे नाही, पण गाडीत चार-पाच गॅलन पाणी ठेवले आहे की नाही, एवढे तुम्ही पाहत जा.

आता खुद्द समुद्राकडे वळू. वायानाएची जमीन कशी आहे हे तुम्ही सासरी गेल्यावर पाहिले असेलच: एका हाताला उभे कोरडे डोंगर, दुसऱ्या हाताला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीतून जाणारा एकच फॅरिंग्टन हायवे, जो काएनाच्या टोकाच्या अलीकडे संपतो आणि पुढे गाडी जाऊच शकत नाही. तिथे वाढलेला माणूस वाट सांगताना पूर्व-पश्चिम म्हणत नाही; डोंगराकडची बाजू आणि समुद्राकडची बाजू एवढ्यावर त्याचे काम भागते. चिपळूणच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको, कारण वर घाट आणि खाली खाडी हा हिशेब आपल्याही अंगवळणी पडलेला असतो. ओआहू बेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ४४ मैलांचे आहे. वेगासमध्ये डोंगर चारही बाजूंना आहेत आणि समुद्र कोणत्याच बाजूला नाही. वर रस्ता असा की सकाळी धरला तर संध्याकाळपर्यंत तो संपतच नाही. अशा ठिकाणी नोकरी करणारा माणूस मधूनमधून जमीन जिथे खरोखर संपते तिथे जाऊन उभा राहतो, यात मला वेडेपणा दिसत नाही.

लेक मीड का चालत नाही, याचे उत्तर अगदी साधे आहे: त्यांना पाणी खारेच हवे असते. समुद्राचे पाणी किंवा मिठाचे पाणी शिंपडून घर, वाहन किंवा माणूस शुद्ध करून घेण्याची हवाईतील मूळनिवाशांची जुनी रीत आहे, आणि त्यासाठी पुष्कळदा टी नावाच्या झुडपाचे लांब हिरवे पान वापरतात. तुमच्या माहेरच्या देवघरात गंगेचा सीलबंद गडू असेलच. काशीहून तो कोणी आणला, किती खर्च आला, जवळच वाशिष्ठी असताना गंगाच कशाला, असा हिशेब आपल्याकडे कोणी मांडला नाही. तोच न्याय त्या बाटलीला लावावा, अशी माझी विनंती आहे. मुलीला ते बरोबर नेतात हे तर चांगलेच आहे. तिला बापाकडून जे मिळायचे त्यातले बरेचसे असेच, गाडीत आणि पाण्यात उभे राहून मिळणार आहे. तुम्ही मात्र घरी थांबू नका, तुम्हीही जा.

नैराश्याबद्दल थोडक्यात सांगतो. पत्रावरून निदान करता येत नाही आणि करूही नये. तुम्ही लिहिले आहे त्यानुसार यजमान कामावर नियमित जातात, पाहुण्यांमध्ये रमतात, मुलीबरोबर हसतात-खेळतात. ही लक्षणे माणूस उमेद हरवून बसल्याची नाहीत. परंतु झोप सलग आठवडे बिघडलेली असेल, आवडीच्या गोष्टींतूनही मन उडाले असेल, जेवण कमी झाले असेल किंवा दारू वाढली असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. दीर्घकाळच्या रात्रपाळीनेच माणूस चिडका आणि अबोल होऊ शकतो, म्हणून दिवसपाळी मागून पाहण्याचा प्रयत्न त्यांनी या वर्षी जरूर करावा.

पाहुण्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर तुम्हाला कदाचित रुचणार नाही. २०२० च्या जनगणनेनुसार हवाईच्या मूळनिवासी लोकांपैकी निम्म्याहून अधिक लोक आता हवाईबाहेर, अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहतात. ही माणसे हौसेने बाहेर पडली नाहीत. ओआहूवर स्वतंत्र घराची मध्यम किंमत दहा लाख डॉलरच्या पुढे गेली आहे. हॉटेलात नोकरी करणाऱ्या माणसाला तिथे घर घेणे जवळजवळ अशक्य असते, आणि त्याच नोकरीवर तुमच्या नेवाडा राज्यात, जिथे राज्याचा प्राप्तिकर नाही, त्याचे निभावून जाते. लास वेगासला हवाईचे लोक नववे बेट म्हणतात, कारण मुख्य बेटे आठ. या नात्याची सुरुवात गमतीदार आहे. हवाईत जुगाराला पूर्ण बंदी आहे (युटा सोडले तर अमेरिकेत असे दुसरे राज्य नाही), आणि १९७५ साली वेगासच्या जुन्या भागात सॅम बॉइड यांनी उघडलेल्या कॅलिफोर्निया हॉटेलने नावाप्रमाणे कॅलिफोर्नियाची गिऱ्हाइके मिळत नाहीत असे पाहून हवाईच्या लोकांना विमानभाडे, खोली आणि जेवण यांची एकत्रित सवलत देऊन बोलावले. आधी माणसे सुटीला आली, मग नोकरीला, मग घर करायला. आज तिथल्या उपाहारगृहात बैलाच्या शेपटीचे सूप मागवणाऱ्यांत निम्मे लोक एकमेकांना ओळखत असतील, अशी मला शंका आहे.

अशा वस्तीत पाहुणा आला की त्याला दार उघडणे हा उपकार मानला जात नाही. रक्ताचे नाते नसलेली, पण एका भांड्यातून जेवलेली भावंडे तिकडे सख्ख्यांच्या बरोबरीने मोजतात. आपल्याकडे मानलेला भाऊ असतो तसे, फक्त संख्येने पुष्कळ अधिक. तुमच्याकडे तीन महिने राहिलेले जोडपे लाहायनाचे होते, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये माउई बेटावरचे ते गाव वणव्यात जळाले आणि १०२ माणसे गेली. त्या जोडप्याने गेल्यावर तुमच्या मुलीसाठी पाठवलेला शंखांचा हार तुम्ही कपाटात ठेवून दिला आहे. तो तिला घालू द्या. मात्र पाहुणे येणार हे यजमानांनी आधी सांगितलेच पाहिजे, पन्नास पौंड वजनाच्या तांदळाच्या पोत्याचा खर्च दोघांच्या संमतीने झाला पाहिजे आणि रात्रपाळीहून आलेल्या माणसाच्या घरात सकाळी शांतता राहिली पाहिजे, या तीन अटी घालण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. त्या अटी पाहुण्यांसमोर न घालता नवऱ्यासमोर घाला.

झायन आणि ग्रँड कॅन्यनच्या बाबतीत माझे निदान असे आहे की, यजमानांना निसर्गाचा कंटाळा नाही. सज्ज्यावर उभे राहायचे, दरी पाहायची, छायाचित्र काढायचे आणि पुढच्या सज्ज्याकडे निघायचे, या प्रकाराचा त्यांना कंटाळा असावा, आणि खरे सांगायचे तर तो मलाही आहे. जिथे आपले कोणी नाही, आपल्याला बोलावणारे कोणी नाही आणि गेल्यावर करण्यासारखे काही काम नाही, अशा जागी जाणे हे त्यांच्या वळणाच्या माणसाला परक्याच्या अंगणात न विचारता शिरण्यासारखे वाटू शकते. हवाईत मुळात एखाद्या जागी शिरताना तिथल्यांची परवानगी मागणारे पठण करण्याची रीत आहे. तेव्हा तुमच्या सहलींची मांडणी बदला: मुक्कामाचे गाव ठरवताना तिथे काय पाहायचे याआधी तिथे कोण आहे, हे विचारा. ते 'कोण' जिवंतच असले पाहिजे असेही नाही, आणि इथेच योसेपाचा प्रश्न येतो.

योसेपा म्हणजे निव्वळ दफनभूमी, असे तुम्ही समजत आहात. मूळ हकीगत अशी: मॉर्मन पंथ स्वीकारलेली काही हवाईयन कुटुंबे त्या पंथाच्या मंदिराजवळ राहायला मिळावे म्हणून सॉल्ट लेक सिटीला आली होती. शहराने त्यांना नीट सामावून घेतले नाही. १८८९ साली पंथाने त्यांच्यासाठी शहरापासून सुमारे ७५ मैलांवर, स्कल व्हॅली नावाच्या ओसाड खोऱ्यात जमीन घेतली आणि तिथे हे गाव वसले. तारुण्यात हवाईत धर्मप्रचार केलेल्या जोसेफ एफ. स्मिथ यांच्या नावाचे हवाईयन रूप गावाला देण्यात आले. ज्यांनी जन्मात बर्फ पाहिले नव्हते त्या माणसांनी तिथे कालवे काढले, झाडे लावली, शेती आणि गुरे सांभाळली. कुष्ठरोगाची काही प्रकरणे झाली, मुले दगावली, हिवाळे काढले गेले. १९१५ मध्ये ओआहूवरच्या लाईए येथेच मंदिर बांधण्याचे जाहीर झाल्यावर लोक परतू लागले आणि १९१७ पर्यंत गाव रिकामे झाले. घरे उरली नाहीत, थडगी उरली. तुमच्या यजमानांच्या पणजीची बहीण तिथे पुरलेली आहे, हे तुमच्या पत्राच्या अगदी शेवटी, पुन:श्चमध्ये आले आहे. ते पहिल्या ओळीत यायला हवे होते.

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या मेमोरियल डेच्या सुटीला त्या गावाचे वंशज आणि त्यांच्यासह सामोआ, टोंगा अशा इतर बेटांचे लोकही तिथे जमतात. थडगी झाडून स्वच्छ करतात, त्यांवर फुलांचे हार आणि शंख-शिंपले वाहतात, जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर डुकराचे मांस भाजतात, रात्री गातात, नाचतात. मुले सगळीकडे धावत असतात. तुमच्या आईबाबांच्या मनातले स्मशान आणि हा मेळा यांत फारसे साम्य नाही. आपल्याकडच्या सर्वपित्री अमावास्येला थोडी जत्रेची जोड दिली तर त्याच्या जवळपास जाता येईल. तरीही त्यांच्यापासून काही लपवू नका. विमानात बसण्यापूर्वीच फोनवर सांगा की, जावईबापूंच्या पूर्वजांचे स्थान आहे, वर्षातून एकदा तिथे सगळे जमतात आणि त्यांना तुम्हाला तिथे न्यायचे आहे. जावई आपल्या पितरांसमोर सासू-सासऱ्यांना नेऊ इच्छितो, यात किती मान आहे हे तुम्हाला पत्र लिहिताना जाणवले नसले, तरी तुमच्या बाबांना ते पहिल्या वाक्यातच कळेल असा माझा अंदाज आहे. आईला थडग्यांमध्ये जायचे नसेल तर तिने जेवणाच्या जागी बायकांमध्ये बसावे, कोणीही आग्रह करणार नाही. मुक्कामी परतल्यावर आंघोळ केली की आपल्या रीतीपुरते झाले, आणि यजमानांची ती खाऱ्या पाण्याची बाटली गाडीत असेल तर दोन्ही घराण्यांच्या रीती एकाच वेळी सांभाळल्या जातील. बाबांना खडे-दगड गोळा करण्याची सवय असल्यास तिथला एकही उचलू नका, असे त्यांना आधीच सांगून ठेवा.

रिकाम्या हाताने जाऊ नका. हे तुम्हाला सांगायला नको, पण काय न्यावे हे सांगतो, कारण तुमच्या आईच्या हातात इथे हुकमाचे पान आहे. हवाईत ज्याला कालो म्हणतात आणि ज्याच्या कंदापासून पोई नावाचा लगदा करतात, ते आपले अळूच आहे. हवाईतील वंशकथेनुसार आकाशपिता वाकेआ यांचे पहिले मूल मृत जन्मले, ते पुरले त्या जागी कालोचे रोप उगवले आणि दुसरे मूल जगले ते माणसांचे मूळपुरुष ठरले. म्हणजे अळू हा थोरला भाऊ आणि माणूस धाकटा. त्याची पाने तिकडे नारळाच्या दुधात शिजवतात किंवा मांस-मासळीभोवती गुंडाळून वाफवतात. तेव्हा आईने अळूवड्या कराव्यात. वेगासमधल्या फिलिपिनो दुकानांत अळूची पाने मिळतात. ती घशाला खाजरी असू शकतात म्हणून चिंचेचा हात सैल ठेवावा आणि उंडे पुरते उकडावेत. उकडलेले उंडे घरून थंड पेटीत न्यावेत आणि मुक्कामी कापून तव्यावर परतावेत. बेसन आणि गूळ-चिंचेच्या त्या वडीला पाहून तिथल्या वयस्कर बायका आईला प्रश्न विचारू लागतील, आणि आईचे इंग्रजी कच्चे असले तरी ती अळूबद्दल बोलताना अडखळेल असे मला वाटत नाही.

आता यलोस्टोन. तुम्ही दोघे ज्यावरून अबोला धरून बसला आहात, त्यात मुळात विरोधच नाही, कारण वेगासहून यलोस्टोनला जाताना सॉल्ट लेक सिटीचा परिसर वाटेतच लागतो आणि योसेपा तिथून थोडे पश्चिमेला आहे. दहा दिवसांत दोन्ही आरामात होते. जाताना १५ क्रमांकाचा मोठा रस्ता न धरता ९३ क्रमांकाच्या मार्गाने ईलीला जावे आणि तिथे रात्र काढावी. हा रस्ता निर्मनुष्य आहे. अलामो सोडल्यावर ईलीपर्यंत पेट्रोलचा भरवसा धरू नये, टाकी भरूनच निघावे. ईली सुमारे साडेसहा हजार फूट उंचीवर आहे आणि मेअखेरीसही तिथली रात्र गारठ्याची असते, त्यामुळे आईबाबांचे स्वेटर आणि कानटोप्या बॅगेच्या तळाशी जाऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशी वेंडोव्हरवरून पूर्वेकडे वळून स्कल व्हॅलीत उतरावे. खोऱ्यात दुकान किंवा खोली मिळण्याची आशा नको. तंबूत राहण्याची यजमानांची इच्छा असेल तर त्यांनी मुलीसह राहावे, आईबाबांसाठी तुम्ही टूविला गावात हॉटेल घ्यावे.

ईलीच्या त्या मुक्कामाबद्दल एक सुचवतो. जवळच्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानाचे आकाश अमेरिकेतल्या सर्वांत काळोख्या आकाशांपैकी एक मानले जाते. तिथवर जाणे झाले नाही तरी गावाबाहेर दोन-चार मैल गाडी नेली की पुरे. रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास सप्तर्षींच्या शेपटीची वळणदार रेघ तशीच पुढे वाढवली, तर दक्षिणेकडे उंचावर नारिंगी झाक असलेला ठळक तारा दिसेल. तो आपला स्वाती. हवाईत त्याला होकुलेआ म्हणतात, आणि तो त्या बेटांच्या बरोबर डोक्यावरून जातो म्हणून जुने दर्यावर्दी त्याच्या आधाराने बेटे गाठत. १९७६ साली याच नावाची दुहेरी नौका, मायक्रोनेशियातील माऊ पियाइलुग यांच्या मार्गदर्शनाखाली, कोणत्याही उपकरणाविना हवाईहून ताहितीला पोहोचली. चिपळूणचे अक्षांश हवाईपेक्षा थोडेसेच कमी आहेत, त्यामुळे तुमच्या माहेरच्या अंगणातूनही स्वाती जवळजवळ डोक्यावरूनच जातो. नेवाडात मात्र तो दक्षिणेकडे झुकलेला दिसतो. बाबांना पंचांगाची आवड आहे असे तुम्ही लिहिले आहे. सासरे-जावयांना हा विषय द्या आणि तुम्ही गाडीत जाऊन झोपा, दोघांना दुभाष्याची गरज पडणार नाही.

यलोस्टोनला पोहोचाल तेव्हा बहुतेक रस्ते उघडलेले असतील, परंतु बर्फ पडू शकते आणि उद्यानाचा बराचसा भाग साडेसात-आठ हजार फुटांवर आहे. बाबांना रक्तदाब असल्याने पहिल्या दिवशी चढ-उतार नको. लांबच्या प्रवासात दर दीड तासाने दोघांनाही खाली उतरवून पाच मिनिटे चालवा, आणि येण्याआधी पाहुण्यांसाठीचा वैद्यकीय विमा काढा. त्यात आधीपासूनच्या आजाराबद्दल काय लिहिले आहे ते स्वतः वाचा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

शेवटचा प्रश्न परत जाण्याचा. तो तुम्ही मला विचारला आहे. यजमानांना अजून विचारलेला दिसत नाही. विचाराल तेव्हा "तुला परत जायचे आहे का" असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर 'हो' असणार आणि त्यातून काहीच ठरणार नाही. कुठे राहायचे, कोणाच्या घरात, दोघांच्या कोणत्या नोकरीवर आणि मुलीची शाळा कोणती, असे विचारा. वायानाएत सासूबाईंच्या घरी दोन खोल्यांत सात माणसे राहतात, असे तुम्हीच लिहिले आहे. माझे मत असे की, आकडे कागदावर मांडल्याशिवाय या वर्षी हलू नये. मात्र एक काम लगेच करण्यासारखे आहे. १९२१ च्या कायद्याने हवाईत सुमारे दोन लाख एकर जमीन मूळनिवाशांच्या घरांसाठी राखून ठेवली आहे. निम्मे किंवा अधिक हवाईयन रक्त असलेल्यांना ती वर्षाला एक डॉलर भाड्याने ९९ वर्षांच्या कराराने मिळते. प्रतीक्षायादीत २८ हजारांहून अधिक लोक आहेत आणि वाट पाहता पाहता कित्येकांचे आयुष्य संपले आहे, त्यामुळे या जमिनीवर संसाराचे गणित उभारू नका. पण यजमान पात्र आहेत का, त्यांचे किंवा सासूबाईंचे नाव यादीत आहे का, सासूबाईंच्या पश्चात हक्क कोणाकडे जाईल याची नोंद केली आहे का आणि या जमिनी सांभाळणाऱ्या सरकारी खात्याकडे त्यांचा आताचा पत्ता आहे का, एवढ्या चौकशा यजमानांनी कराव्यात. जुन्या पत्त्यावर गेलेले पत्र ही या यादीतील माणसाला परवडणारी गोष्ट नाही.

स्थलांतराऐवजी दर वर्षी एक फेरी मात्र ठरवून टाका. वेगासहून होनोलुलूला थेट विमाने आहेत, प्रवास सहा तासांच्या आसपासचा आहे. ती फेरी पर्यटकांच्या हंगामात न करता घरच्या एखाद्या कार्याला धरून करा. मुलीला आजीबरोबर राहू द्या, आणि वाइकीकी या पर्यटकांच्या भागात खोली घेण्याचा मोह टाळा, सासूबाईंना तो अपमान वाटेल.

मेमोरियल डेच्या आठवड्यात ईली आणि टूविला येथील खोल्या लवकर भरतात आणि यलोस्टोनमधल्या तर कित्येक महिने आधी. हे उत्तर वाचून झाल्यावर यजमान पाळीला निघण्यापूर्वी त्यांच्यासमोर बसून तारखा ठरवा आणि तीनही ठिकाणची नोंदणी करून टाका. योसेपासाठीची टूविलातील खोली सर्वांत आधी, तीही तुम्ही स्वतः.